उद्धवरावांच्या नावची आढी

उद्धवराव न वाचता कशावरही सही करत नसत, हे अख्ख्या निघोज्याला ठाऊक होतं आणि निम्म्या गावाला त्याचा ताप झालेला होता. पुतण्याच्या लग्नात मंडपवाल्यानं बिल आणलं तेव्हा हा माणूस चष्मा लावून खुर्च्या मोजायला उठला होता. कुरियरवाल्यालाही ते दारात तिष्ठत ठेवायचे, आणि पावतीवरचा बारीक मजकूर वाचून झाल्याशिवाय पेन हातात घ्यायचे नाहीत. चाकणच्या ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत त्यांची तीस वर्षं क्वालिटीत गेली होती. न वाचता केलेल्या एका सहीपायी हजार गाड्यांचे ब्रेक परत मागवावे लागतात, असं ते सांगत, आणि ऐकणारा कितीही कंटाळला तरी पुरतं सांगत.

म्हणून जानेवारीतल्या त्या दुपारी वर्षालीनं पिशवीतून कागद काढले आणि "यावर सरांची सही लागेल, काकू," असं म्हणाली, तेव्हा उद्धवरावांच्या बायकोनं, सुमनताईंनी, आधी आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं.

वर्षाली कंपनीत पगार आणि भत्त्यांचं काम बघायची. लातूरकडची पोरगी, तळवड्यात खोली घेऊन राहायची. कंपनीत नवी होती तेव्हा उद्धवराव तिला रोज आपल्या डब्यातली भाकरी खायला लावायचे, आणि ती भाकरी सुमनताईंच्या हातची होती. त्यामुळं ऑफिसचं काम म्हणून आलेली असली तरी ओसरीवर बसताना तिनं चप्पल काढून बाजूला ठेवली होती आणि आवाज खाली ठेवला होता. आतल्या खोलीत उद्धवराव गोळी घेऊन झोपले होते.

कागद दोन होते. पहिला साधा, 'राजीनामा मागे घेत आहे' अशा चार ओळींचा. दुसरा लांब रजेचा अर्ज. त्यात आजाराचं नाव लिहायची जागा होती, त्याखाली डॉक्टरांचं मत, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी कर्मचाऱ्याची सही.

आजाराचं नाव सुमनताईंना ठाऊक होतं. थोरले दीर गेनूभाऊ, जाऊ भागूबाई, मारुंजीला नांदणारी लेक पुनम आणि तिचा नवरा, शेजारपाजारचे, झालंच तर दूधवाला, सगळ्यांना ठाऊक होतं. एका उद्धवरावांना तेवढं सांगितलेलं नव्हतं.

नोव्हेंबरात पोटातली कळ थांबेना म्हणून त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी सुमनताईंना आणि गेनूभाऊंना बाजूला घेतलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला, ऑपरेशनचा उपयोग नाही, चार महिने निघाले तर नशीब. गेनूभाऊ भिंतीला टेकून खाली बसले, आणि उठले ते ठरवूनच उठले. "उद्धवला सांगायचं न्हाई. आपल्या घरात कुणाला सांगितलंय? आबांना सांगितलं न्हाई, ते शेवटपत्तूर हसत व्हते." आबा खरोखर हसत होते की नाही, हे विचारायची ती वेळ नव्हती. उद्धवरावांना स्वादुपिंडाला सूज आहे असं सांगितलं गेलं, पथ्य सांभाळा, उन्हाळ्यापर्यंत बरं वाटेल.

तेव्हापासून सुमनताई दारावरच्या शिपाई झाल्या. भेटायला येणाऱ्याला आधी पडवीत थांबवायचं, काय बोलायचं ते पढवायचं, डोळे पुसून घ्यायला लावायचे, मग आत सोडायचं. उद्धवरावांचा फोनही त्यांनी स्वतःच्या कमरेला लावला, 'बोलून दमता तुमी' असं सांगून. कुणी भावनेच्या भरात भलतंच बोलून गेलं तर काय, ही धास्ती त्यांना दिवसरात्र होती. कधी नव्हे ते त्या लबाडीत तरबेज झाल्या होत्या, आणि त्याचं त्यांनाच नवल वाटत होतं.

या सगळ्यात डिसेंबरच्या शेवटी उद्धवरावांनी कुणाला न विचारता राजीनामा दिला. त्यांच्या हाताखालचा धनेश भेटायला आला होता, त्याच्या लॅपटॉपवर चार ओळी लिहिल्या आणि धाडून दिल्या. "आजारी माणसानं खुर्ची अडवून बसू नये," एवढंच म्हणाले. गावानं कौतुक केलं, स्वाभिमानी माणूस म्हणून. सुमनताईंनाही तेच वाटलं. एकतीस जानेवारी हा त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस ठरला.

"काकू, तुम्हाला सरांचे युनिट माहीत आहेत ना?" वर्षालीनं विचारलं.

सुमनताईंना चांगलेच माहीत होते. साडेचार वर्षांपूर्वी उद्धवराव क्वालिटीचे प्रमुख झाले तेव्हा कंपनीनं त्यांना ते दिले होते. त्याच्या पुढच्या मे महिन्यात, सुमनताई पेंढा पसरून आंब्यांची आढी घालत होत्या आणि हे शेजारी उकिडवे बसून समजावत होते.

"युनिट म्हंजी शेअर न्हवं. शेअर देऊ, असा कंपनीचा शब्द. पाच वर्षं टिकून राहायचं, मग शेअर."

"आन् तवर?"

"तवर झाड कंपनीचं. आता ज्यांच्याकडं खरे शेअर हायत, त्यांना नफा झाला की डिव्हिडंड मिळतो. माझ्याकडं शेअर न्हाई, मला कुठनं मिळणार? पर कंपनी काय करती, माझ्या युनिटांएवढे खरे शेअर माझ्यापाशी असते तर जेवढा डिव्हिडंड आला असता, तेवढी रक्कम माझ्या नावानं बाजूला लिहून ठेवती. पाच वर्षांनी शेअर मिळाले की त्यासंगं तीबी मिळती."

सुमनताईंनी हातातला आंबा पेंढ्यात ठेवला आणि वर पेंढा ओढला. "म्हंजी झाड अजून तुमचं न्हाई, पर त्याचे आंबे तुमच्या नावच्या आढीत."

उद्धवराव बघतच राहिले. वर्षालीला मला समजावायला दोन तास लागले ते आमच्या हिनं एका दमात उरकलं, असं ते पुढं आठ दिवस सांगत हिंडत होते. कंपनीतही सांगितलं. तेव्हापासून डिव्हिडंड जाहीर झाला की ते अर्धा किलो पेढे घेऊन घरी यायचे आणि दारातून सांगायचे, "पडलं गं आढीत." तिसऱ्या साली कंपनीनं आपला एक जुना कारखाना विकला आणि शेअरवाल्यांना भरघोस वाटलं, तेव्हा एक किलो आणले होते.

त्या आढीतून घर होणार होतं. एवढा मोठा साहेब, पण राहायला अजून थोरल्या भावाच्या घरातल्या दोन खोल्या. पगार आला तसा गेला होता, पीएफही उपसला होता, आठ वर्षं सासूबाईंच्या डायलिसिसला, मग पुनमच्या परदेशातल्या शिक्षणाला, आणि त्या शिक्षणाचं कर्ज ग्रॅच्युइटीतून फिटायचं होतं. सुमनताईंनी लग्नापासून भागूबाईंच्या स्वयंपाकघरात, भागूबाईंच्या वेळेनं, भागूबाईंनी उरवलेल्या जागेत स्वयंपाक केला. भागूबाई वाईट नव्हत्या. पण आपली चूल ती आपली, आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मीठ कुठं ठेवू हे दुसरीला विचारावं लागतं याचा सल सुमनताईंनी फक्त नवऱ्याजवळ बोलून दाखवला होता. मागच्या वर्षी उद्धवरावांनी वाटणीच्या तुकड्यात फक्की मारून दोन खोल्यांची आखणी केली होती.

"राजीनामा दिला की युनिट रद्द होतात, काकू," वर्षाली म्हणाली. "सरांना ते माहीत असावं. पण त्यांच्या नावानं लिहिलेला डिव्हिडंडही युनिटांबरोबर रद्द होतो. तो युनिटांनाच जोडलेला आहे. आंबे आढीत असले तरी, झाड गेलं की तेही जातात."

"समदे?"

"सगळे. एकतीस तारखेला संध्याकाळी."

वर्षालीनं पाण्याचा पेला उचलला, न पिता परत ठेवला.

"आणि राजीनामा मागे घेतला तर सर कंपनीच्या पटावर राहतात. पटावर असताना जर काही... नियमात तसं लिहिलंय, काकू. पटावर असताना माणसाचं काही झालं, तर पाच वर्षांची अट उरत नाही. सगळे युनिट आणि सगळा साठलेला डिव्हिडंड वारसाला मिळतो. तुम्हाला."

बोलून झाल्यावर ती पोरगी रडायला लागली, आणि सुमनताईंनाच तिच्या पाठीवरून हात फिरवावा लागला.

"नुसता पैला कागद चालंल का? चार वळींचा?"

"सरांची रजा संपलीय. रजेचा अर्ज नसेल तर पटावर ठेवता येत नाही. आणि अर्जात आजाराचं नाव डॉक्टर खरंच लिहिणार. मी बोलू का सरांशी? मी नीट सांगेन."

"न्हाई," सुमनताई म्हणाल्या. "माझ्या गळ्याची शपथ हाय तुला. मी बघते काय करायचं ते."

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडून नाव लिहून आणलं, शिक्का मारून. तो अर्ज घेऊन त्या गेनूभाऊंकडं गेल्या. भाऊ गोठ्यात होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "सुमन, पैशापायी त्याच्या हातात मरणाचा कागद देणार व्हय तू?"

ते रागानं नव्हते बोलले. रागानं बोलले असते तर सुमनताईंनी उलट उत्तर दिलं असतं, त्या काही ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. पण भाऊंचे डोळे भरून आले होते, आणि सुमनताईंना स्वतःचीच लाज वाटली. घरासाठी आपण नवऱ्याची आशा विकायला निघालो, असं त्यांच्या मनानं घेतलं. माहेरी, सासरी, पंचक्रोशीत कुणी ऐकलं तर हेच म्हणेल, हेही त्यांना दिसलं. त्या कागद पदराखाली घेऊन परत आल्या.

तरीही अठ्ठावीस तारखेला त्यांनी एकदा धीर केला. सकाळचं ऊन ओसरीवर आलं होतं. उद्धवरावांना पाटावर बसवून त्या त्यांची दाढी करत होत्या. गाल एवढे आत गेले होते की वस्तरा फिरवताना कातडी बोटानं ताणून धरावी लागत होती. कागद त्यांच्या मांडीखाली होते. आता बोलते, हा गाल झाला की बोलते, असं त्या मनाशी म्हणत होत्या.

"आज तारीख काय?" उद्धवरावांनी विचारलं.

"अठ्ठावीस."

"तीन दिस राह्यले. सुटलो म्हणायचं."

ते इतक्या समाधानानं म्हणाले की सुमनताईंचा हात थांबला. उन्हाळ्यापर्यंत बरं वाटेल, असं आपणच सांगितलेलं हा माणूस धरून बसलाय, मोकळा होऊन विश्रांती घेणार म्हणून खूश आहे, आणि त्याच्यापुढं आपण काय ठेवणार? उद्धवरावांनी मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. साबण लागलेल्या तोंडानं, जरा वेळ पाहतच राहिले.

"तुला काय बोलायचं व्हतं का?"

"न्हाई. मान हलवू नका, कापंल."

एकतीस तारखेला दुपारपासून वर्षालीचे चार फोन आले. शेवटच्या फोनला ती म्हणाली, "काकू, सहा वाजेपर्यंत करता येईल. मी स्वतः येऊन कागद घेऊन जाते." सुमनताई म्हणाल्या, ते झोपलेत. ते झोपले नव्हते. समोर बाजेवर उशीला टेकून पेज पीत होते आणि रस्त्यानं जाणाऱ्या कंपनीच्या बस ओळखत होते, ही पहिल्या शिफ्टची, ही जनरलची. सहा वाजून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीचं पाणी तापवताना सुमनताईंनी दोन्ही कागद चुलीत घातले.

त्यांना वाईट वाटलं, पण पस्तावा झाला नाही, हे खरं सांगायला हवं. उलट आत कुठंतरी थोडा अभिमानच वाटला. घर गेलं, भागूबाईंच्या स्वयंपाकघरात आयुष्य जाणार, जाऊ दे. त्या बदल्यात माझ्या माणसाला मरण न कळता मरण येईल, एवढं मी त्याला दिलं. कुणाला न सांगता दिलं. हा विचार त्यांना रोज उठून कामाला लागायला पुरत होता.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी उद्धवरावांनी त्यांना आत बोलावलं आणि दार लोटून घ्यायला सांगितलं. आता ते बसू शकत नव्हते. आवाज मात्र स्पष्ट होता.

"सुमन, माझा फोन दे आता. लोकांशी दोन शब्द बोलून घेतो. ह्या म्हैन्यापल्याड काय मी जात न्हाई."

"काय बोलताय? डॉक्टरांनी सांगितलंय..."

"मला ठावं हाय गं."

सुमनताई उभ्या होत्या त्या बाजेच्या कडेवर बसल्या. "कवापास्नं?"

"पैल्या दिसापास्नं. दवाखान्याच्या पावतीवर विभागाचं नाव छापलेलं असतं. मी पावती वाचणार न्हाई, असं वाटलं व्हय तुला?" ते हसले, आणि हसण्यानं पोटात कळ आली म्हणून थांबले.

"मंग बोलला का न्हाई?"

"तू किती करत व्हतीस. दारातल्या माणसाला शिकवून आत धाडायचीस. धनेशला तर तू दोनदा डोळे पुसाय लावलेस, मला खिडकीतनं दिसत व्हतं. म्हणलं, हिला वाटतंय मला ठावं न्हाई, त्यात हिला जरा बरं वाटतंय, तर वाटू दे. आन् खरं सांगू? तू माझ्याम्होरं रडली असतीस, ते मला झेपलं नसतं."

तीन महिन्यांत पहिल्यांदा सुमनताई त्यांच्यापुढं रडल्या. त्यांच्या हातावर डोकं टेकून, तोंडात पदर न कोंबता, घर ऐकेल याची पर्वा न करता रडल्या. उद्धवराव दुसऱ्या हातानं त्यांचे केस चाचपत राहिले. बरंही वाटत होतं, त्यांना दोघांनाही. आणि त्या रडण्याच्या मध्येच, कुणी पाठीत काठी घालावी तसे, ते दोन कागद सुमनताईंना आठवले.

अठ्ठावीस तारखेला हातातला वस्तरा खाली ठेवून एक शब्द बोलल्या असत्या तर हा माणूस म्हणाला असता, आण इकडं. चष्मा मागितला असता. आजाराचं नाव, डॉक्टरांचं मत, खालच्या बारीक ओळी, सगळं वरपासून खालपर्यंत वाचलं असतं, आणि प्रत्येक पानावर सही केली असती. 'तुला काय बोलायचं व्हतं का' असं त्यांनी विचारलं होतं. त्यांनी विचारलं होतं, आणि आपण म्हणालो, मान हलवू नका.

"आता रडणं पुरं. नीट ऐक," उद्धवराव म्हणाले. "राजीनामा मी उगं न्हाई दिला. धोंडीबा आठवतो का, फोर्जिंगवरचा? कामावर असताना गेला. त्याची बायको चार वर्षं गेटवर येत व्हती. कंदी हा दाखला, कंदी त्यो शिक्का, ह्या खिडकीनं त्या खिडकीला धाडायचं. मी कॅबिनमधनं बघायचो. तवाच ठरवलं व्हतं, आपल्या बायकूला अशी उभी करायची न्हाई. मरायच्या आत आपला हिशोब आपल्या हातानं घ्यायचा. नोकरी सोडली की साठलेलं समदं मिळतं. पीएफ मिळतो, ग्रॅच्युइटी मिळती. तीस वर्षं लाइनवरच्या पोरांचं बघितलंय मी."

सुमनताईंनी डोकं वर केलं नाही.

"झाड जातंय, मला ठावं हाय. पाच वर्षं काय भरली न्हाईत. जाऊ दे. पर आढी तर माझ्या नावची. पडलेले आंबे कोण माघारी नेतंय? तूच म्हणली व्हतीस."

कंपनीनं त्या योजनेचा चाळीस पानांचा कागद दिला होता. इंग्रजीत, बारीक अक्षरात, कपाटात वरच्या खणात प्लास्टिकच्या पिशवीत. लग्नातल्या खुर्च्या मोजणारा, कुरियरवाल्याला उन्हात उभा ठेवणारा माणूस, त्यानं आयुष्यात हा एकच कागद पुरता वाचला नाही. त्याला बायकोचं एक वाक्य पुरलं. सुमनताईंना हे तिथंच, त्यांच्या हातावर डोकं टेकलेलं असतानाच कळलं. आपण शहाणपणा केला नसता, त्या दिवशी गप आंबे लावत बसलो असतो, तर हा माणूस ती चाळीस पानं वाचत बसला असता, असं त्यांना वाटलं. ते खरं होतं की नाही कोण सांगणार, पण त्यांना ते जन्मभर खरंच वाटणार होतं.

"कवा मिळतील, काय म्हणाली वर्षाली?" उद्धवरावांनी विचारलं.

खोलीत लख्ख ऊन होतं. बाहेर भागूबाई कोंबड्यांना हाकलत होत्या. आता खोटं बोलायचं कारण उरलं नव्हतं, असं अर्ध्या घटकेपूर्वी सुमनताईंना वाटलं होतं.

"म्हैनाअखेर," त्या म्हणाल्या.

"समदे?"

"समदे. तुमी काळजी करू नका."

उद्धवरावांनी एक मोठा श्वास सोडला. "मंग पावसाळ्याच्या आत जोतं हुईल. गवंडी तळवड्याचाच सांग, मोईचा नको, त्यो सिमेंट खातो."

"व्हय."

त्यानंतर घरातलं वारं बदललं. आजाराबद्दल लपवायचं काही राहिलं नाही. गेनूभाऊ धाकट्या भावाच्या उशाशी बसून लहानपणच्या गोष्टी काढू लागले, पुनम चार दिवस येऊन राहिली, आणि उद्धवराव फोनवर एकेकाला स्वतःच सांगू लागले की आता भेटून जा. सगळे म्हणत, बघा किती शांत आहेत. का शांत होते, तेही ते प्रत्येकाला सांगत. मी माझं समदं आवरलंय. हिला एका कागदासाठी कुठं जावं लागणार न्हाई. आणि चहा घेऊन आलेल्या सुमनताई प्रत्येक वेळी मान हलवत.

गेनूभाऊ आणि वर्षाली सोडली तर खरं काय ते एका धनेशला ठाऊक होतं. उद्धवरावांची जागा आता धनेशकडं आली होती आणि रद्द झालेल्या युनिटांचा कागद त्याच्या नजरेखालून गेला होता. तो रविवारी सकाळी आला तेव्हा सुमनताई फाटकापाशी उभ्याच होत्या.

"आत काय बोलू नका," त्या म्हणाल्या.

"वहिनी, मला कळलं. साहेबांना आजाराचं माहितीय."

"आजाराचं न्हाई म्हणत मी. युनिटांचं. आढीचं. ते म्हणतील ते खरं म्हणा."

धनेशनं त्यांच्याकडं पाहिलं. त्याच्या हातात दोन शहाळी होती, ती त्यानं खाली ठेवली आणि खिशातून रुमाल काढला. सुमनताई तो डोळे पुसून होईस्तोवर थांबल्या आणि मग त्याला आत घेऊन गेल्या.

उद्धवरावांना त्याला बघून आनंद झाला. नवीन मशिनची चौकशी झाली, कोण रजेवर, कोण भांडलं, सगळं झालं. मग त्यांनी धनेशचा हात धरला.

"तुला एक सांगतो, धनेश. तुलाबी आता युनिट मिळतील. वेळ आली की आपला हिशोब आपल्या हातानं घ्यायचा. बायकूला खिडक्यांवर उभं करायचं न्हाई."

"व्हय, साहेब," धनेश म्हणाला.

"हिला विचार. हिचं घर हुतंय. सांग की गं त्याला, कसं कसं ते."

सुमनताईंनी चहाचा कप धनेशच्या हातात दिला. पदराला हात पुसले आणि सांगायला लागल्या. दोन खोल्या, पूर्वेला दार, पुढं चार माणसं बसतील एवढी ओसरी. स्वयंपाकघराला मोठी खिडकी. धनेश कपात बघत होता. उद्धवराव डोळे मिटून ऐकत होते, आणि मध्येच म्हणाले, "गॅसचा कट्टा जरा उंच घे. वाकून वाकून कंबर गेलीय तुझी."

त्या म्हणाल्या, घेते.